विश्लेषण : ‘मी गाडीतच बसतो!’ बीडहून भीमाशंकरला निघालेल्यांसाठी सदाहरित जंगलातला एक दिवस

श्रावण लागला की बीड जिल्ह्यातून पाच ज्योतिर्लिंगांच्या यात्रेच्या गाड्या निघतात. परळीचा वैजनाथ घरचाच. पुढे औंढा नागनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि शेवटी भीमाशंकर. बारा ज्योतिर्लिंगांच्या यादीवरून देशभर मतभेद आहेत. परळीच्या जागी कोणी झारखंडचे देवघर सांगते, भीमाशंकरच्या जागी कोणी आसामातले स्थान. यात्रेच्या गाडीत हा विषय सहसा कोणी काढत नाही.

पहिल्या चार ठिकाणी गाडी देवळाच्या जवळ जाते, रांग लागते, दर्शन होते आणि मंडळी चहाच्या टपरीवर येतात. पाचव्या ठिकाणी चित्र बदलते. घोडेगाव मागे पडते, डिंभे धरणाचे पाणी दिसू लागते, रस्ता चढू लागतो आणि काचेवर धुके बसते. देऊळ खोलगट जागी आहे, त्यामुळे दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून खाली जावे लागते. दर्शन झाल्यावर गाडीतली तरुण पोरे म्हणतात, ‘गुप्त भीमाशंकरला जाऊन येऊ, जंगलातून वाट आहे.’ आणि इथेच गाडीतल्या एका माणसाचा पाय अडतो.

असा एक जण प्रत्येक गाडीत असतो. वय पन्नाशीच्या पुढचे, गुडघे थोडे कुरकुरणारे, पायात चप्पल. सोयीसाठी त्यांना मामा म्हटलेले बरे. मामांचे म्हणणे सरळ असते : ‘आमचं रानात रोजचं चालणं हाय. त्याला इथवर येऊन काय चालायचं? तुम्ही या जाऊन, मी गाडीतच बसतो.’ भाचे ऐकत नाहीत. ‘मामा, चला की, अर्ध्या तासाचं तर हाय.’ शेवटी मामा निघतात. हे विश्लेषण त्या मामांसाठी आहे, आणि त्यांना ओढून नेणाऱ्या भाच्यांसाठी तर त्याहून जास्त.

नाही म्हणणारा माणूस आळशी असतो का?

मुळीच नाही. बालाघाटाच्या माळावर रोज शेताच्या चकरा मारणारा माणूस शहरातल्या हौशी ट्रेकरपेक्षा जास्त चालतो. त्याचे चालणे कामाचे असते, म्हणून केवळ हौसेखातर चिखल तुडवण्यात त्याला अर्थ दिसत नाही. शिवाय त्याची भीतीही निराधार नसते. इथली जमीन, इथली हवा आणि इथले पाणी त्याच्या ओळखीचे नाही.

एक गोष्ट त्याला सर्वांत जास्त चकवते. बीडचा माणूस ४० अंशांच्या उन्हात दिवसभर राबतो, मग २२-२३ अंशांच्या थंड जंगलात अर्ध्या तासात तो घामाने निथळतो कसा? उत्तर हवेतल्या ओलाव्यात आहे. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पावसाळ्यात इथली हवा पाण्याने इतकी भरलेली असते की घाम वाळतच नाही. अंग आतून तापते, कपडे बाहेरून भिजतात आणि दम लवकर लागतो. वातावरण थंड असल्याने तहान लागत नाही, मात्र पाणी आणि मीठ घामावाटे जातच असते. त्यामुळे पाण्याची बाटली आणि साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी पावसातही जवळ हवे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी रोजची गोळी गाडीत न ठेवता खिशात ठेवावी.

झेपते आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर थांबायचे. भाच्यांनी मामांना वाटेत बोलते ठेवावे ते यासाठी. गप्पा बंद झाल्या म्हणजे मामा रुसले असे समजू नये, त्यांना दम लागलेला असू शकतो.

याला ‘रेनफॉरेस्ट’ म्हणायचे का?

काटेकोरपणे पाहिले तर पूर्णपणे नाही. ॲमेझॉन किंवा इंडोनेशियातल्या वर्षावनात जवळजवळ वर्षभर पाऊस असतो. सह्याद्रीत तो चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने बहुतेक कोरडे जातात. तरीही घाटमाथ्यावरच्या काही पट्ट्यांत झाडे वर्षभर हिरवी राहतात. वनशास्त्रज्ञ हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये भारतातल्या जंगलांचे प्रकार पाडले आणि पुढे १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासह ते सुधारले. वनखाते आजही त्याच वर्गीकरणाचा आधार घेते. त्यानुसार भीमाशंकर-महाबळेश्वरकडचे जंगल डोंगरमाथ्यावरचे सदाहरित जंगल ठरते, तर बीडच्या बालाघाटात कोरडे पानझडी आणि काटेरी जंगल आहे.

‘रेनफॉरेस्ट’ म्हणताच टीव्हीवर पाहिलेली गगनाला भिडणारी झाडे डोळ्यांसमोर येतात. भीमाशंकरला आलेल्यांचा इथे थोडा अपेक्षाभंग होतो. माथ्यावरचा वारा आणि पातळ माती यांमुळे झाडे बुटकी राहतात, बहुतेक दहा-पंधरा मीटरच्या आत. पण ती एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की खाली दिवसाही संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. या जंगलाची ओळख तीन झाडांवरून सांगतात : अंजनी, जांभूळ आणि पिसा. जांभूळ मामांच्या बांधावरही असते. बाकी दोन त्यांनी बहुधा पाहिलेली नसतात.

महाराष्ट्रात याहून ओले जंगल पाहायचे तर दक्षिणेला जावे लागते. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाच्या एका नव्या जातीचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये झाले. ती इवलीशी जागा राज्य सरकारने पुढच्या वर्षी जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांतली चार महाराष्ट्रातली आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. भीमाशंकर त्या यादीत नाही. बीडच्या यात्रेकरूच्या वाटेवर मात्र तेच येते.

मग बीडमध्ये असे जंगल का नाही?

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात आणि वर चढतात. हवा वर चढताना दर किलोमीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी तापमान घटते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते पाऊस होऊन पडते. माथा ओलांडून वारे खाली उतरू लागले की ते पुन्हा तापतात आणि ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्या आत. अंतर जेमतेम ३०-३५ किलोमीटरचे. भीमाशंकरचेही तसेच. माथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि मंचरला पोहोचेपर्यंत शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो.

बीड त्याच पर्जन्यछायेत, आणखी दोनशे किलोमीटर आत. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तीही बेभरवशाची. अख्ख्या देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्ट २०२३ चा होता. त्या महिन्यात मराठवाड्यातली सोयाबीन उभ्या उभ्या सुकत होती. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच बीडमध्ये पुराने शेतातली माती वाहून नेली. राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत बीडचे नाव असते. याला कमी पाऊस कारणीभूत आहेच, पिढ्यान्‌पिढ्यांची तोड आणि चराईही आहे.

बीडच्या लाखो माणसांना सह्याद्री तसा अपरिचित नाही, हेही इथे सांगायला हवे. दसरा-दिवाळीनंतर कोयते सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जातात. घाटाचे डोंगर फडातून लांबवर दिसतात. पण ऊसतोड संपते तेव्हा उन्हाळा असतो, आणि पाऊस पडायच्या आत सगळे गावी परतलेले असतात. वर्षातले पाच-सहा महिने डोंगराच्या पायथ्याशी काढलेल्या माणसाने तोच डोंगर भर पावसात कधी पाहिलेला नसतो. श्रावणातली यात्रा ही त्याची पहिली संधी असते.

आत गेल्यावर काय दिसते?

पहिल्यांदा काहीच दिसत नाही. डोळे सरावायला पाच मिनिटे लागतात. दाट पानांच्या छताखाली जमिनीपर्यंत उजेडाचा अगदी थोडा भाग पोहोचतो, चार-दोन टक्केच. म्हणूनच खाली गवत नसते. बीडच्या माळावर चराऊ गवत शोधणाऱ्या नजरेला हे आधी खटकते : इतका पाऊस आणि गुरांच्या तोंडाला काही नाही! खाली असतो तो कुजलेल्या पानांचा ओला थर. या जंगलाचे सगळे खत त्याच थरात असते. मुसळधार पाऊस मातीतली पोषकद्रव्ये धुऊन नेतो, म्हणून झाडे पडलेल्या पानांतून ती झटपट परत ओढून घेतात. हा थर तुडवून चिखल केला की जंगलाच्या जेवणाचे ताट उलटले. मळलेली वाट सोडू नका असे वनरक्षक सांगतात, त्याचे हेही एक कारण आहे.

मग हळूहळू गोष्टी दिसू लागतात. खोडांवर हिरवे शेवाळ, त्यावर नेचे, फांद्यांच्या बेचक्यांत आमरीची रोपे. ही आमरी झाडाचा रस पीत नाही, तिला फक्त उजेडाकडे जायला जागा हवी असते. बाकी ती पावसावर आणि धुक्यावर जगते. पानांची टोके निमुळती, पाणी निथळून जावे अशी. वाटेच्या कडेला कारवीची दाट झुडपे. ही सात वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते आणि बी धरून वाळते. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी डोंगर जांभळा होतो. बाकीची सहा वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही.

कुठूनतरी माणसाने शीळ घालावी तसा आवाज येतो. मामा मागे वळून पाहतात, पोरांपैकी कोणी असेल म्हणून. तो शीळकरी कस्तुर असतो. ओढ्याकाठी राहणारा, निळसर काळा पक्षी.

आणि वर पाहिले तर, नशीब असेल तर, शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट लांब, तांबूस रंगाची ही खार म्हणजे घराच्या पत्र्यावर पळणाऱ्या खारीची थोरली बहीणच. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले त्यामागे शेकरू हे मोठे कारण होते. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही. एका फांदीवरून दुसरीवर सहा-सहा मीटर उडी मारते, झाडाच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांची गोल घरटी बांधते, एक नव्हे तर अनेक. तिला फांदीला फांदी लागलेली हवी. मध्ये रुंद रस्ता आला, झाडे तुटली, की तिच्या दृष्टीने तिथे दरी पडली. त्यामुळे या भागात रस्ता रुंद करण्याचा किंवा नवे बांधकाम करण्याचा विषय निघाला की शेकरूचे नाव निघते. यात्रेकरूंना सोयी हव्यात हेही खरे आहे. दोन्ही बाजू खऱ्या असल्यानेच तो प्रश्न सुटत नाही.

जंगल रिकामे नाही, हेही मामांच्या लवकर लक्षात येते. वाटेवर डोक्यावर भारा घेतलेली बाई भेटते, पाठीवर इरले घेतलेला म्हातारा भेटतो. या डोंगरात महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासींसाठी हिरड्याचे झाड म्हणजे हातात रोख पैसा. कोवळा, गळून पडण्याआधीचा बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोडली तेव्हा त्यांचे वर्षाचे उत्पन्न गेले आणि भरपाईसाठी त्यांना पुढे आंदोलने करावी लागली. गारपिटीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहिलेल्या बीडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. अशा वेळी ‘पीकपाणी कसं हाय’ एवढ्या एका प्रश्नावर दोन अनोळखी माणसे पावसात पंधरा मिनिटे उभी राहतात आणि भाचे पुढे निघून गेलेले असतात.

जळू लागली तर?

सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत पावसाळ्यात जळवा असतात. कोयना-चांदोलीकडे भरपूर, इतरत्र जागा बघून. पानांच्या थरात किंवा झुडपावर ती ताठ उभी राहून वाट पाहते. चालत्या पायाची थरथर, अंगाची ऊब आणि श्वास तिला कळतो. चावा दुखत नाही, त्यामुळे पायजमा वर करेपर्यंत पत्ता लागत नाही. रक्त गोठू नये म्हणून ती जखमेत द्रव सोडते. ती गळून पडल्यावरही बराच वेळ रक्त वाहत राहते ते त्यामुळे. दिसायला भयंकर, पण गेलेले रक्त फारच थोडे असते.

तिला ओढून काढू नये. मीठ टाकणे, काडीने चटका देणे हे जुने उपाय डॉक्टर टाळायला सांगतात, कारण त्रास झालेली जळू पोटातले जखमेत उलटून टाकू शकते. नखाची कड तिच्या तोंडाखाली सरकवायची, पकड सुटते. मग जखम स्वच्छ पाण्याने धुऊन दाबून धरायची. पायमोज्यांत पायजमा खोचणे हा सर्वांत स्वस्त बचाव. गावकरी मोज्यांवर तंबाखूची भुकटी चोळतात. पहिल्यांदाच आपली तंबाखूची पुडी आरोग्याच्या कामी आली म्हणून मामा खूश होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी मात्र जास्त काळजी घ्यावी.

सापांबद्दल थोडक्यात. झुडपांवर हिरवा चापडा बसलेला असू शकतो, म्हणून आधारासाठी फांदी धरण्याआधी तिकडे पाहावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काही करू नये. माणसाला शांत ठेवावे, चालवू नये, उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे गाडीजवळ थांबणाऱ्याला किती वाजेपर्यंत परतणार ते सांगून निघणे हाच खरा विमा. गाडीत बसून राहणाऱ्या माणसाचाही असा उपयोग असतो.

परत कधी फिरायचे?

या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. भाचे चुकतात तेही इथेच.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा हिशेब दिला. तो जगभर अजून वापरतात : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढायच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि कोरड्या वाटेचा. शेवाळलेल्या दगडांवर, पन्नाशीच्या गुडघ्यांसह, तो सहज दुप्पट होतो. ‘अर्ध्या तासाचं तर हाय’ म्हणजे जाऊन-येऊन दोन तास धरावेत. उतरताना दम लागत नाही म्हणून लोक उतार सोपा समजतात. प्रत्यक्षात उतरताना मांडीचे स्नायू आणि गुडघे प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात आणि घसरून पडण्याचे प्रकार परतीच्याच वाटेवर जास्त होतात. हातात काठी असावी, पाय आडवा टाकावा, चपलेऐवजी खाचा असलेल्या तळव्याचा बूट असावा. जीन्स घालू नये. भिजली की जड होते आणि वाळत नाही. वारा सुटला तर ओल्या कपड्यांनी थंडी भरते. गाडीत एक कोरडा जोड ठेवावा.

पाण्याचा नियम मात्र सैल नाही. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या, आवाज वाढला, की वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी. तेव्हा पाण्यात असलेल्याने लगेच बाहेर यायचे आणि न ओलांडलेल्याने ओलांडायचे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिलेले दृश्य महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. बीडच्या माणसाला नदी कोरडीच पाहायची सवय. गुडघाभर पाण्याला एवढा जोर असतो हे त्याच्या अंगवळणी नसते.

भीमाशंकरला खालून, कर्जतजवळच्या खांडस गावातूनही चढून येता येते. चढ नऊशे ते हजार मीटरचा. गणेश घाटाची वाट लांबची पण सोपी, शिडी घाट अवघड आणि पावसात धोक्याचा. गेल्या काही पावसाळ्यांत वनविभागाने अभयारण्यातले धबधबे आणि शिडी घाटासारख्या वाटा पर्यटकांसाठी बंद ठेवल्या आहेत. कोणती वाट उघडी आहे ते निघण्याआधी विचारावे. रीलमध्ये दिसते म्हणून वाट उघडी असेलच असे नाही. गुप्त भीमाशंकरची वाटही पावसाचा जोर असेल तर सोडून द्यावी. ओढ्यातले लिंग पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

या डोंगराचा धोका फक्त पर्यटकांना आहे असेही नाही. भीमाशंकरच्या वाटेवर, डिंभे धरणाच्या मागच्या अंगाला माळीण गाव आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा त्या गावावर आला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. श्रावणातच.

या जंगलाचा बीडशी संबंध काय?

भीमा नदी इथे उगम पावते. देवळाजवळचा ओहळ पाहून ही ती पंढरपूरची चंद्रभागा यावर मामांचा विश्वास बसत नाही. पुढे ८६१ किलोमीटर वाहून ती कृष्णेला मिळते. वाटेत उजनी धरण आहे, सुमारे ११७ टीएमसी साठवणारे.

पाणी जंगलात कसे थांबते, हे पानांचा थर हातात घेतला की कळते. तो पिळला तर पाणी निघते. उघड्या माळावर पावसाचा थेंब थेट मातीवर आपटतो, माती सैल करतो आणि तिला घेऊन पळतो. इथे थेंब आधी पानावर, मग फांदीवर, मग पाचोळ्यावर पडतो, मुळांच्या जाळ्यातून झिरपतो आणि ओढ्याला सावकाश मिळतो. पाऊस थांबल्यावरही काही महिने ओहळ वाहतो तो या सावकाशपणामुळे. जंगल पाऊस पाडते की नाही यावर वाद घालता येईल. ते माती धरून ठेवते आणि पाणी हळू सोडते यावर नाही.

आता बीडचा भाग. उजनीतले पाणी उचलून आष्टी तालुक्यातल्या खुंटेफळ साठवण तलावात आणण्याची योजना कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात आहे. त्या कामाचा गाजावाजा फेब्रुवारी २०२५ मध्ये आष्टीतल्या सभेत झाला. मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. उजनीत भीमेबरोबर इंद्रायणी, मुळा-मुठा अशा अनेक नद्यांचे पाणी येते. त्या सगळ्या सह्याद्रीच्या माथ्यावरून निघतात. म्हणजे आष्टीच्या शेतकऱ्याने ज्या पाण्याची इतकी वर्षे वाट पाहिली, त्याची सुरुवात मामांच्या बुटात शिरलेल्या या चिखलातून होते. त्या पाण्यात गाळ किती येणार हेही थोडेफार या डोंगरांवरच्या झाडोऱ्यावर अवलंबून आहे. वाटेत प्लॅस्टिकची बाटली फेकणाऱ्या भाच्याला थांबवायला एवढी माहिती पुरेशी असावी.

बीडमध्येच पाहायचे तर?

ज्यांना इतक्या दूर जायचे नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्यात वेगळे जंगल आहे. सदाहरित नाही, पण पावसाळ्यात ओळखू येणार नाही इतके हिरवे होते. बीडहून जामखेडला जाताना, जामखेडच्या थोडे अलीकडे पाटोदा तालुक्यात सौताडा लागते. तिथे विंचरणा नदी कड्यावरून खाली कोसळते. दरीत रामेश्वराचे देऊळ आहे आणि खाली उतरायला पायऱ्या आहेत. दरीच्या सावलीत ओल टिकते, म्हणून वरच्या उघड्या माळापेक्षा खाली झाडी दाट. मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा आहे, मन्मथ स्वामींच्या समाधीमुळे ठाऊक असलेला. सौताडा आणि कपिलधार, दोन्हीकडे पाण्याचा वरचा नियम तसाच लागू.

बालाघाटातल्या सीताफळांना बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तीही या डोंगराचीच उपज. खडकाळ, उथळ मातीत, पाण्याशिवाय वाढणारी. धावडा, पळस, खैर, हिवर, तरवड यांची नावे मामांना तोंडपाठ असतात. इथे वाट दाखवायचे काम त्यांचे.

बीड शहराजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने आणि वनविभागाच्या साथीने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन झाले, अध्यक्षस्थानी वडाचे झाड होते. पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या डोंगराला वणवा लागला आणि बरीच रोपे जळाली. कोरड्या डोंगरावर झाडे लावण्यापेक्षा मार्च ते मे त्यांना आगीपासून वाचवणे अवघड, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिले. भीमाशंकरच्या ओल्या पाचोळ्याला ही भीती फारशी नसते.

आणि पाटोदा तालुक्यातलेच नायगाव मयूर अभयारण्य, १९९४ मध्ये घोषित झालेले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. इथे श्रावणाची वाट पाहू नये. पावसाच्या सुरुवातीला, ज्येष्ठ-आषाढात, मोर पिसारा फुलवतात. श्रावण सरेपर्यंत त्यांची पिसे गळू लागतात. पहाटे पोहोचावे, गाडीचा हॉर्न वाजवू नये. इथे चालणे थोडेच असते, आणि ज्याला गाडीतच बसायचे त्याला काचेतूनही मोर दिसतो.